शिबिरातील धडा आणि शिवारातील कसोटी

सोलापुराहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या मार्गावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत आहे, तेथील मागांवर चादरी व टॉवेल विणले जातात, हे वाचकांस निराळे सांगावयास नको. सूत रंगविणारा, ताणा भरणारा, माग चालविणारा, कडा शिवणारी आणि गठ्ठे बांधणारा इतक्या हातांतून गेल्यावाचून एकही टॉवेल बाजारात जात नाही. परंतु या हातांस एकत्र बांधणारे बंध मालकाचा हुकूम, मुकादमाची देखरेख व मजुरी हे होत. जेथे मालक नाही, मुकादम नाही आणि मजुरीही नाही, तेथे शेकडो माणसांनी एका योजनेने चालावे कसे? या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्राच्या अवर्षणग्रस्त गावांनी दिले आहे व त्याचा इतिहास मनन करण्याजोगा आहे.

त्या इतिहासाच्या आरंभीच्या शिल्पकारांत फादर हरमन बाखर हे येशूसंघीय धर्मगुरू होते. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले फादर १९४८ साली भारतात आले आणि अहमदनगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) कोरडवाहू मुलखात त्यांनी आपले आयुष्य वेचले. ज्या संघाचे ते सभासद, त्याचे संस्थापक संत इग्नासी १५२२ साली मान्रेसा येथे एकांतात राहिले होते. तेथील अनुभवांतून घडलेल्या त्यांच्या साधनापद्धतीत एकांत हा शेवट नव्हे. साधकाने निवड करावी व त्या निवडीनुसार जगावे, हा तिचा रोख आहे. शिबिराची खरी परीक्षा शिबिर संपल्यावरच होते, हे तत्त्व असे पुरातन आहे.

फादर बाखर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमात हेच तत्त्व निराळ्या रूपाने दिसते. पैसा आधी व शिस्त मागाहून, असा क्रम तेथे नव्हता. गावाने प्रथम श्रमदान करावे, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावी, ग्रामसभेत आपली समिती नेमावी आणि लहानशा क्षेत्रावर काम करून दाखवावे. मगच संपूर्ण पाणलोटाचे काम हाती घ्यावे, अशी रीत होती. १९९३ साली फादरांनी क्रिस्पिनो लोबो यांच्या सहकार्याने ‘वॉटर’ ही संस्था स्थापन केली. पुढे २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा आरंभिली, तेव्हा तिला या संस्थेच्या ज्ञानाचे साहाय्य लाभले.

या स्पर्धेपूर्वी गावोगावच्या निवडक स्त्रीपुरुषांसाठी चार दिवसांचे निवासी शिबिर भरे. खेळ, चित्रपट व प्रत्यक्ष मोजणी ही तेथील पाठ्यपुस्तके होत. सर्वांत मोठा धडा मात्र भूमीच्या उताराचा होता. ‘माथा ते पायथा’ हा कामाचा क्रम. माथ्यावरील समपातळी चर न खोदता पायथ्याचा बंधारा आधी बांधिला, तर वरून वाहत येणारा गाळ त्यास भरून टाकितो. पण माथ्याची जमीन एकाची आणि पाणी चढते ती विहीर दुसऱ्याची! म्हणून योजना जितकी शास्त्रशुद्ध, तितकी परस्परांच्या संमतीवाचून ती अशक्य. युक्ती आणि एकी हे येथे दोन विषय नव्हेत. उतारच त्यांस एक करितो.

शिबिरार्थी घरी परतले की उन्हाळ्यातील सुमारे ४५ दिवसांची कसोटी सुरू होई. चार दिवसांत शिकलेली पाच-दहा माणसे भाऊबंदकी, पक्षभेद आणि अविश्वास यांनी विभागलेल्या गावासमोर उभी राहत. हुकूम करण्याचा अधिकार त्यांस नव्हता. स्वतः कुदळ हाती घेणे, एवढेच त्यांचे सामर्थ्य. २०१६ साली साताऱ्यातील वेळू, २०१७ साली वर्ध्यातील काकडदरा, २०१८ साली माण तालुक्यातील टाकेवाडी आणि २०१९ साली आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील, बार्शी तालुक्यातील सुर्डी या गावांनी पहिला क्रमांक मिळविला. ज्या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे पाण्याअभावी गाव सोडून शहराच्या आश्रयास येतात, त्यास या यशाचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

तथापि एक गोष्ट विसरता कामा नये. चराईबंदीचा पहिला भार शेळ्या पाळणाऱ्या भूमिहीनावर पडतो आणि विहिरीचे पाणी मात्र जमीनदाराच्या शेतात चढते. ज्या गावच्या पुढाऱ्यांनी या दुर्बळाचा वाटा आधी ठरविला नाही, त्यांची एकी ही बलवंतांचीच एकी ठरेल. वॉटर कप स्पर्धा २०१९ नंतर थांबली. २०२२ पासून फार्मर कपच्या रूपाने गटशेतीचे काम पुढे आले. साधन बदलले, धडा तोच राहिला.

आजकाल कारखान्यांतूनही नेतृत्वाची शिबिरे भरतात, ही इष्टच गोष्ट आहे. परंतु शिबिरातील टाळ्या व प्रमाणपत्रे यांवरून त्यांची किंमत करू नये. परतल्यावर मागावरील सर्वांत नवख्या कामगाराची अडचण कोणी विचारिली काय, आणि ती दूर करण्यासाठी चार हात एकत्र आले काय, एवढे पाहावे. शिवाराने हीच कसोटी लाविली. कारखान्यानेही हीच लावावी.