पांगुळगाडा आणि रांगता बाळकृष्ण

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांसमोर गड, लढाया आणि तहनामे उभे राहतात. परंतु प्रत्येक मनुष्याच्या आयुष्यांत एक पराक्रम असा घडलेला असतो, कीं त्याची आठवण त्याला स्वतःला मुळींच नसते. तो पराक्रम म्हणजे आडव्या देहानें उभें राहून चालूं लागणें. या पराक्रमाकडे आपल्या घरांनीं, शास्त्रज्ञांनीं आणि वैद्यांनीं कसकसें पाहिलें, याचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

मराठी भाषेनें या प्रवासाचा प्रत्येक मुक्काम नांवानिशीं नोंदविला आहे. मूल प्रथम मान धरतें, मग कुशीवर वळतें, पालथें पडतें, पोटावर सरकतें, बसतें, रांगतें, धरून उभें राहतें आणि अखेर दुडूदुडू चालूं लागतें. देवघरांतील पितळी रांगता बाळकृष्ण आपण नित्य पाहतों. त्याकडे एकदां शरीरशास्त्राच्या दृष्टीनें पाहावें. एक हात भुईवर टेकलेला, दुसरा लोण्याचा गोळा घेऊन उचललेला आणि मान वर. देहाचा तोल उरलेल्या आधारांवर सांभाळून एक हात मोकळा करणें, ही त्या वयांतील मोठी विद्या आहे. खांदे, पाठ व कंबर यांत पुरेसें बळ आल्यावांचून ती साधत नाहीं. आज बालकांवर व्यायामोपचार करणारे तज्ज्ञ मुलासमोर खेळणें धरून हीच विद्या त्याच्याकडून गिरवून घेतात.

आतां पांगुळगाडा घ्या. लांकडी चौकट, तीन चाकें आणि धरावयास एक आडवी दांडी, एवढीच त्याची रचना. मूल मागें उभें राहून तो ढकलतें. देहाचा भार त्याच्याच पायांवर असतो, पावलें त्याला दिसतात आणि मनांत येईल तेव्हां दांडी सोडून तें खालीं बसूं शकतें. पुढें बाजारांत ‘वॉकर’ आला. त्यांत वाटोळ्या चौकटींत बैठक टांगलेली असते. दोन्ही साधनें चालणें शिकविण्यासाठींच म्हणून घेतलीं जातात, पण दोहोंचें कार्य भिन्न आहे. बैठकींत टांगलेलें मूल चवड्यांनीं जमीन लोटतें. तोल सांभाळण्याचें काम चौकट करते. शिवाय त्याला अकालीं वेग मिळतो आणि जिन्यावरून कोसळण्याचा धोका उत्पन्न होतो. याच कारणास्तव कॅनडानें २००४ सालीं अशा वॉकरच्या विक्रीवर संपूर्ण बंदी घातली.

मूल केव्हां काय करतें, याचें शास्त्रशुद्ध मापन विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत अमेरिकेंत येल विद्यापीठांत आर्नोल्ड गेसेल यांनीं व बर्कलीस नॅन्सी बेली यांनीं केलें. परंतु अमेरिकन मुलाची मोजपट्टी आपल्या मुलास लावणें कितपत न्याय्य? या प्रश्नाचें उत्तर बडोद्यास शोधलें गेलें. महाराजा सयाजीराव विद्यापीठांतील प्रमिला फाटक यांनीं बेलींच्या पद्धतीचा आधार घेऊन १ ते ३० महिन्यांच्या भारतीय बालकांचा अभ्यास केला व १९७० सालीं त्याचा अहवाल सिद्ध झाला. त्यांतून निघालेल्या मापनपद्धतींत हालचालींच्या ६७ व मानसिक विकासाच्या १६३ कसोट्या आहेत. तिची सुधारलेली आवृत्ति १९९७ सालीं निघाली. भारतीय मुलाची प्रगति भारतीय मुलांशींच ताडून पाहण्याची सोय त्यामुळें झाली.

गेसेल यांचा भर असा, कीं कळी उमलावी तसा विकास आंतून उमलतो. पुढील संशोधकांनीं त्याला दुसरी बाजू जोडली, ती सरावाची. न्यूयॉर्कच्या कॅरेन अॅडॉल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांत १२ ते १९ महिन्यांचीं मुलें मोकळ्या खेळांत तासाला सरासरी २,३६८ पावलें टाकतांना व १७ वेळां पडतांना आढळलीं. पडणें हा शिक्षणांतील व्यत्यय नसून तोच पाठ आहे, असें यावरून दिसतें.

ज्या मुलांच्या वांट्यास हा सहज सराव येत नाहीं, त्यांच्यासाठीं महाराष्ट्रांत काय घडलें? मुंबईंत फातिमा इस्माईल यांची मुलगी पोलिओनें आजारी झाली. त्या अनुभवांतून त्यांनीं १९४७ सालीं अशा मुलांसाठीं चिकित्सालय उघडलें. जन्मानें अमेरिकन व विवाहानें महाराष्ट्रीय झालेल्या कमला निंबकर यांनीं १९५० सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत व्यवसायोपचाराचें शिक्षण देणारी शाळा सुरू केली. ‘व्यवसाय’ हा शब्द ऐकून आपणांस दुकान किंवा कचेरी आठवते. पण बालकाचा व्यवसाय खेळ हाच होय. म्हणून चेंडू, मणी, ठोकळे, पायरी व झोपाळा हींच या उपचाराचीं औषधें ठरलीं. पोलिओचा भारतांतील शेवटचा नैसर्गिक रुग्ण जानेवारी २०११ मध्यें आढळला आणि २०१४ च्या मार्चमध्यें आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. मात्र उपचाराची गरज संपली नाहीं. अकालीं जन्मलेलीं अनेक बालकें आज वैद्यकाच्या साहाय्यानें जगतात. त्यांतील कांहींच्या हालचालींकडे विशेष लक्ष द्यावें लागतें. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमहि २०१३ च्या फेब्रुवारींत आपल्या पालघरांतूनच सुरू झाला.

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत हिंजवडी आहे. म्हातोबाच्या बगाडाच्या यात्रेसाठीं प्रसिद्ध असलेलें हें शेतकऱ्यांचें गांव गेल्या शतकाच्या अखेरीपासून संगणक-उद्योगाची वसाहत झालें. शेतांच्या जागीं उंच इमारती आल्या. अंगणांत लंगडी घालणारें मूल एका पायावर तोल शिकत असे; लगोरींत नेम, सागरगोट्यांत डोळा व बोटें यांचा मेळ आणि विटीदांडूंत खांद्याची फेंक शिकत असे. बहुमजली घरांतील तान्ह्याचा दिवस मात्र पाळणा, गाडी, उंच खुर्ची व वॉकर यांत सहज वांटला जातो. प्रत्येक साधन सोयीचें असतें. पण सर्वांची बेरीज अशी होते कीं, मुलाच्या वांट्यास भुई फारशी येत नाहीं.

घरांत दोन मतें नेहमीं ऐकूं येतात. आजी म्हणते, “त्याचा बापहि उशीराच चालला.” आई म्हणते, “शेजारचें मूल केव्हांच रांगूं लागलें.” दोघींसहि जागतिक आरोग्य संघटनेचें २००६ सालचें मापन उपयोगी पडेल. तदनुसार निरोगी मूल आधारावांचून ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान बसूं लागतें व ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान चालूं लागतें. शंभरांतील सुमारें चार मुलें हातागुडघ्यांवर मुळींच रांगत नाहींत. तेव्हां आईनें शेजाऱ्याशीं तुलना करूं नये. पण आजीनेंहि या मर्यादांपलीकडे वाट पाहूं नये. वर्षाच्या आंतच मूल एकच हात वापरूं लागलें, किंवा देहाची एक बाजू ताठ अथवा ढिली वाटली, तर बालवैद्याकडे विनाविलंब जावें. आरंभीच्या वर्षांत मज्जासंस्था सर्वाधिक शिकतें असते. त्या काळांत गमावलेले महिने मागाहून भरून काढणें कठीण जातें.

उरलेल्या मुलांसाठीं उपाय स्वस्त आहे. जागें असतांना तान्ह्याला स्वच्छ सतरंजीवर पालथें घालून जवळ बसावें. रांगत्याला वाट मोकळी करून द्यावी. चालत्याला अनवाणी चालूं द्यावें आणि पडल्यास स्वतः उठूं द्यावें. पुढें त्याला लंगडी शिकवावी. मुलास भुई देणें एवढेंच वडील मंडळींचें काम आहे. उरलेलें तें स्वतः करतें.