पानिपतचा नकाशा वाचताना

इतिहासाच्या तासाला नकाशा भिंतीवर टांगला जातो, पण वाचला जात नाही. आम्ही शिक्षक छडीने पानिपत दाखवतो, मुले माना डोलावतात आणि नकाशा गुंडाळून पुन्हा कपाटात जातो. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले.

पुढे आम्ही पद्धत बदलली. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईसाठी फळ्यावर फक्त यमुना, दिल्ली आणि पानिपत दाखवायचे, दिशेचा बाण काढायचा आणि विचारायचे, "मराठे कुठे उभे होते?" बहुतेक मुले मराठ्यांना खाली, दक्षिणेला ठेवतात आणि अब्दालीला वर. मराठे दक्षिणेतले आणि अब्दाली अफगाणिस्तानातून आलेला, म्हणून मनातला नकाशा तसाच तयार होतो. प्रत्यक्षात उलटे घडले होते. मराठ्यांची पाठ पानिपत गावाकडे आणि तोंड दक्षिणेला होते. अब्दाली त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये उभा होता.

असे का झाले, हे नदी सांगते. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीहून उत्तरेला जाऊन कुंजपुरा घेतले. तेव्हा अब्दाली यमुनेच्या पूर्वेला होता. तो बागपतजवळ नदी ओलांडून पश्चिम काठावर आला. मुलांची बोटे नदीवरून बागपतला येऊन थांबतात आणि दिल्लीचा रस्ता बंद झालेला त्यांना आपसूक दिसतो. मराठ्यांच्या छावणीत उपासमार का झाली, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

खरी परीक्षा सूचीची असते. दोन्ही सैन्ये रंगवायला सांगितली, की हात भगव्या आणि हिरव्या खडूकडे जातात. वर्गातला एखादा मुसलमान मुलगा अशा वेळी खाली मान घालून बसतो. हिरवी बाजू आपली धरली जाणार, हे त्याला कुणी न सांगताच कळलेले असते.

मग आम्ही एकेका पथकाचे नाव लिहायला लावतो. मराठ्यांच्या डाव्या बाजूला इब्राहिमखान गारदी. दक्षिणेकडे तोंड केले की डावा हात पूर्वेला येतो, हे मुले जागेवर उभी राहून, वळून पाहतात. त्याच्या कवायती पायदळाने समोरच्या रोहिल्यांची मोठी हानी केली. लढाईनंतर तो पकडला गेला आणि मारला गेला. समोर अब्दालीच्या बाजूला शुजाउद्दौला आणि त्याच्या फौजेत अनुपगिर गोसावी. आता कोणता खडू घ्यायचा? वर्ग गप्प होतो. मान खाली घातलेला मुलगाही फळ्याकडे पाहू लागतो.

सगळेच गुण्यागोविंदाने नांदत होते, असे आम्ही सांगत नाही. अब्दालीच्या बाजूने धर्माची हाक दिली गेली होती, हेही सांगतो. पण हाक कोणी दिली आणि रणांगणावर कोण कुठे उभे राहिले, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर नकाशात मिळते.

दिशा, प्रमाण आणि सूची पाहिल्याशिवाय नकाशावर विश्वास ठेवू नये, एवढी सवय मुलांना लागली तरी पुष्कळ झाले. रंग जमिनीला नसतो, तो नकाशा काढणाऱ्याने दिलेला असतो. ज्या मुलाला हे कळले, तो पुढे कोणाच्या हातातला नकाशा पाहून शेजाऱ्याला परका ठरवणार नाही.