‘अरसु’चे दोन अर्थ

सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने चहामळ्यांत राबणारे लाखो भारतीय तमिळ नागरिकत्वाला मुकले, तरीही तमिळ काँग्रेसचे नेते जी. जी. पोन्नंबलम सरकारात गेले. तेव्हा त्यांच्यापासून फुटलेल्या एस. जे. व्ही. चेल्वनायकम यांनी डिसेंबर १९४९ मध्ये कोलंबोत ‘इलंगै तमिळ अरसु कच्ची’ हा पक्ष स्थापन केला. इंग्रजीत तो ‘फेडरल पार्टी’, म्हणजे घटक राज्यांच्या संघाचा पुरस्कर्ता, म्हणून ओळखला गेला; तमिळमध्ये ‘अरसु’ म्हणजे नुसते राज्य, आणि ते संघातले की स्वतंत्र, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे होते. या संदिग्धतेचा विरोधकांनी पुरेपूर उपयोग केला.

१९५२ च्या निवडणुकीत पक्षाला दोनच जागा मिळाल्या आणि खुद्द चेल्वनायकम पडले. १९५६ मध्ये पंतप्रधान झालेल्या बंडारनायके यांनी राजभाषा म्हणून ‘फक्त सिंहली’चा नारा दिला, तेव्हा मात्र हा आकडा दहावर गेला. पुढच्याच वर्षी बंडारनायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार करून शेती, शिक्षण, जमिनीचे वाटप हे विषय प्रादेशिक मंडळांकडे देण्याचे मान्य केले. पण ९ एप्रिल १९५८ रोजी बौद्ध भिक्खूंनी बंडारनायके यांच्या घरासमोर ठिय्या दिला आणि करार रद्द केल्याचे लेखी घेऊनच ते उठले.

१९६१ मध्ये पक्षाने उत्तर व पूर्व प्रांतांतील ‘कच्चेऱ्यां’समोर, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी कार्यालयांसमोर (मराठी कचेरीचेच हे भावंड), सत्याग्रह करून कारभार ठप्प केला आणि १४ एप्रिलला स्वतःची टपालसेवा सुरू करून तिकिटेही विकली. संघराज्य मागणाऱ्या पक्षाने स्वतःची तिकिटे काढावीत, यात ‘अरसु’चा दुसरा अर्थ डोकावतोच. तीन दिवसांत आणीबाणी लागू झाली आणि नेते स्थानबद्ध झाले. १९६५ मध्ये पंतप्रधान झालेल्या डडली सेनानायके यांच्याशी झालेला करारही कागदावरच राहिला.

पक्षाचा ऱ्हास मतपेटीत झाला नाही. १९७० मध्येही त्याचे तेरा सदस्य निवडून आले होते. खचला तो संघराज्याच्या मागणीवरचा विश्वास. १९७२ च्या राज्यघटनेने श्रीलंका एकात्म, म्हणजे सर्व सत्ता एकाच केंद्राकडे असलेले, राज्य ठरवले, त्याच सुमारास पक्ष इतर तमिळ पक्षांबरोबरच्या आघाडीत सामील झाला आणि १९७६ च्या वड्डुकोड्डै ठरावाने या आघाडीने स्वतंत्र राज्याची मागणी केली. एप्रिल १९७७ मध्ये चेल्वनायकम यांचे निधन झाले. पुढे २००४ मध्ये तमिळ पक्षांच्या नव्या ‘तमिळ राष्ट्रीय आघाडी’ने पक्षाचे जुने नाव आणि ‘घर’ हे चिन्ह घेऊन २२ जागा जिंकल्या. ते नाव बाहेर काढण्याचे कारण संघराज्यवाद नव्हता, तर आधी वापरलेल्या ‘उगवता सूर्य’ या चिन्हाचा वाद न्यायालयात गेला होता.