पाच वह्या आणि एक निरोप्या

उन्हाळ्याच्या सुट्टीत रेल्वेच्या आरक्षणाच्या खिडकीपुढे ज्या पिढीने पहाटेपासून रांगा धरल्या, तिला त्या जाडजूड वह्या आठवत असतील. प्रत्येक गाडीचे, प्रत्येक तारखेचे निराळे पान. त्यावर उतारूंची नावे हाताने लिहावयाची. वही ज्या गावी, त्या गावीच जागा. मधल्या स्थानकांच्या वाट्याला थोड्या जागांचा कोटा येई. तो संपला की, पुढच्या गावच्या कोट्यातील बाकडी रिकामी जात असली तरी अलीकडच्या उतारूला त्यांचा उपयोग नसे. परतीच्या प्रवासाची तऱ्हा तर याहून अवघड. दुसऱ्या टोकाच्या स्थानकाला तार करावयाची आणि उत्तराची वाट पाहावयाची. उत्तर न आले तर जाण्याचे तिकीट हाती आणि येण्याचे दैवाच्या हाती, अशा स्थितीत मुलाबाळांसह निघावयाचे.

1985 साली नवी दिल्लीत संगणकावर आरक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला. सीएमसी या त्या वेळच्या सरकारी कंपनीने कार्यक्रम रचला आणि अमेरिकेतील डिजिटल कंपनीच्या व्हॅक्स यंत्रांवर तो चालू लागला. त्यानंतर काही वर्षांतच मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि सिकंदराबाद येथेही तशीच केंद्रे उभी राहिली. रेल्वेचे विभाग त्या काळी नऊ होते, संगणककेंद्रे झाली पाच. सगळ्या देशासाठी एकच केंद्र का केले नाही, असा प्रश्न आज सहज मनात येतो. पण ज्या काळात परगावी दूरध्वनी लावणे हाच अर्ध्या दिवसाचा उद्योग असे, त्या काळात एका शहरातील यंत्रावर साऱ्या देशाच्या खिडक्या अवलंबून ठेवणे म्हणजे एका तुटक्या तारेपायी सारा हिंदुस्थान रांगेत तिष्ठत ठेवणे झाले असते. पाच केंद्रे ही त्या वेळची निकड होती. पुढे तीच पथ्यावर पडली, हा भाग वेगळा.

वह्या मात्र पाचच राहिल्या. कागदाच्या होत्या त्या विजेच्या झाल्या, एवढेच. नागपूरच्या गृहस्थाने हावड्याला जाऊन परत यावयाचे ठरविले असे समजू. मुंबईहून सुटणाऱ्या गीतांजलीची वही मुंबईच्या यंत्रात. तिच्यात त्याचे नाव क्षणात चढे. पण हावड्याहून सुटणाऱ्या गीतांजलीची वही कलकत्त्याच्या यंत्रात, आणि या दोन यंत्रांची परस्परांशी ओळखदेख नव्हती. घरात दिवा आला, पण दोन घरांमधली वाट अंधारीच राहिली.

ही वाट उजळण्याचे काम ज्या जातीच्या संगणककार्यक्रमांकडे येते, त्यांना मिडलवेअर म्हणतात. शब्द तसा जुना आहे. 1968 साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या वतीने संगणककार्यक्रमांच्या बांधणीवर परिषद भरली होती. तिच्या अहवालात तो आढळतो. खाली यंत्र आणि त्याची मूळ व्यवस्था, वर प्रत्यक्ष कामाचा कार्यक्रम, आणि या दोहोंच्या मध्ये राहून निरोपांची नेआण करणारा हा मधला थर. स्वतः तो तिकीट देत नाही, भाडे मोजत नाही. म्हणूनच त्याचे नाव कोणाच्या कानी येत नाही.

अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी 1964 साली पुरी केलेली सेबर ही विमानांच्या आरक्षणाची व्यवस्था पुष्कळांना ठाऊक असते. तिच्यात सारी वही न्यूयॉर्कजवळच्या एकाच केंद्रात होती. गावोगावच्या खिडक्यांनी तिच्याशी बोलावयाचे. एकाच वहीचा मोह राज्यकर्त्यांना आणि यंत्रज्ञांना सारखाच असतो. रेल्वेपुढील काम निराळे होते. पाचही वह्या जेथल्या तेथे ठेवून त्या एकच असल्यासारख्या वापरावयाच्या होत्या.

यात खरी अडचण दूरच्या यंत्राशी बोलण्याची नव्हे, अर्धवट राहिलेल्या बोलण्याची आहे. नागपूरच्या खिडकीवर पैसे घेतले, कलकत्त्याच्या वहीत जागा लिहिण्याचा निरोप गेला, आणि तार तुटली. जागा लिहिली गेली की नाही? गेली नसे समजून निरोप पुन्हा धाडावा, तर एका उतारूच्या नावे दोन जागा अडण्याचे भय. गेली असे समजून तिकीट द्यावे, तर हावड्याच्या फलाटावर तो उतारू बायकामुलांना घेऊन उभा आणि तक्त्यात त्याचे नाव नाही. जुन्या सावकारांनी हा पेच आपल्या परीने सोडविला होता. हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी लिहून देत, तिला पेठ म्हणत. तीही हरवली तर परपेठ. पण तिन्ही मिळून रक्कम एकदाच चुकती व्हावयाची, हा त्या व्यवहाराचा कणा होता.

संगणकशास्त्रात या कण्याला दोन टप्प्यांच्या कराराचे रूप आले. जिम ग्रे यांनी 1978 साली त्याचे विवेचन केले आहे. पहिल्या टप्प्यात प्रत्येक वहीला विचारावयाचे, ‘तयार आहेस का?’ सर्वांचा होकार आला तरच दुसऱ्या टप्प्यात ‘लिही’ असा हुकूम. एकीचाही नकार आला तर कोणीच काही लिहावयाचे नाही. होकार देऊन हुकुमाची वाट पाहत असलेल्या वहीची तार मध्येच तुटली, तर ती जागा तेवढा वेळ ना विकलेली, ना मोकळी, अशी लोंबकळत राहते. हा या पद्धतीचा दोष आहे; पण एकच जागा दोघांना विकण्यापेक्षा तो पत्करलेला बरा.

रेल्वेने 1986 साली स्थापन केलेल्या ‘क्रिस’ या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ नावाची नवी आरक्षणव्यवस्था रचली. मधल्या थरासाठी तिने डिजिटल कंपनीचेच ‘रिलायबल ट्रान्झॅक्शन राउटर’ हे मिडलवेअर घेतले. त्याचे तीन भाग: एक खिडकीच्या बाजूचा, एक वहीच्या बाजूचा, आणि मधला वाटाड्या. खिडकीच्या कार्यक्रमाला कोणती वही कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. मागणीतील मजकूर पाहून ती कोणाकडे न्यावयाची हे वाटाड्या ठरवी. तो रोजनामाही ठेवी. एखादे यंत्र मध्येच बंद पडले तर अपुरा राहिलेला व्यवहार दुसऱ्या यंत्रावर पुन्हा चालविता येई, आणि तोही दोनदा न होता. सावकाराच्या पेढीवरील कारकुनाला ही शिस्त अनोळखी वाटली नसती.

1994 साली सिकंदराबादेत कॉन्सर्टचा पहिला पाय रोवला गेला. चालू रांगा न थांबविता एकेक केंद्र नव्या व्यवस्थेवर आणावयाचे, हे धावत्या गाडीचे चाक बदलण्यासारखे काम होते. पाचही केंद्रे एकमेकांशी जोडली जाण्यास 1999 चा एप्रिल उजाडला. दरम्यान, 1998 साली, डिजिटल कंपनीच कॉम्पॅकने विकत घेतली होती, आणि 2002 साली कॉम्पॅकही ह्युलेट-पॅकार्डमध्ये विलीन झाली. पेढीची पाटी दोनदा बदलली, निरोप्या मात्र आपले काम करीत राहिला. त्याच 2002 सालच्या ऑगस्टात घरबसल्या इंटरनेटवरून रेल्वेचे तिकीट काढण्याची सोय झाली. पाच वह्या आधी एका सुतात ओवल्या गेल्या नसत्या, तर त्या नव्या खिडकीला नेमके कोणते दार ठोठवावयाचे हेच कळले नसते.

वह्या एक झाल्या नाहीत याची खूण मात्र उतारूच्या हातातल्या तिकिटावरच उमटत राहिली. पीएनआर म्हणून जो दहा अंकी आकडा छापला जाऊ लागला, त्याच्या आरंभीच्या अंकावरून ती नोंद कोणत्या केंद्राच्या वहीत आहे हे जाणत्याला कळे. एकाने सुरू होणारा आकडा सिकंदराबादचा, आठाने वा नवाने सुरू होणारा मुंबईचा.