पत्रा, वारा आणि आवाज

जळगावहून एस.टी.ने धुळ्याला निघालो की पाळधी येईपर्यंत बाजूच्या पत्र्यांनी ताल धरलेला असतो. हा खडखडाट मुख्यतः इंजिनाचा आणि रस्त्याचा. वाऱ्याचा त्यात वाटा थोडा. जेट विमानात मात्र इंजिन मंदावले तरी भिंतीतून घरघर येतच राहते. ती बहुतांशी वाऱ्याची. विमान बांधण्यापूर्वीच ती किती होईल हे सांगता येईल का?

पृष्ठभागालगतच्या हवेच्या पातळ थराची, म्हणजे सीमास्तराची, कल्पना प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडली. कोल्हापूरकडचे विष्णू माधव घाटगे गॉटिंगेनला त्यांच्याच हाताखाली शिकले. पुढे बंगलोरला त्यांनी रचलेले एच.टी.-२ विमान १९५१ मध्ये उडाले. पण पंख्याच्या विमानात इंजिनाच्या गर्जनेपुढे पत्र्याची घरघर कोण ऐकतो! जेट आले तेव्हा हा प्रश्न पुढे आला.

सीमास्तरातले भोवरे पत्र्यावर कमीजास्त दाब देत पुढे वाहतात. हा दाब एका जागी मोजला की काम झाले, असे वाटेल. तसे नाही. दोघांनी सतरंजी झटकताना ताल जुळला तर ती उसळते, नाही तर नुसती चुरगळते. पत्र्याचेही तेच. म्हणून क्रेकनन यांनी १९५७ मध्ये सिद्धांत मांडताना दाबाचा जागेनुसार व वेळेनुसार बदलणारा आकृतिबंध विचारात घेतला. विलमार्थ आणि वुल्ड्रिज यांनी १९६२ मध्ये निरनिराळ्या बिंदूंवरचे दाब ताडून पाहिले. भोवरे वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ०.६ ते ०.८ पट वेगाने सरकतात, असे दिसले.

फळ्यावर करून पाहू. विमानाचा वेग सेकंदाला २५० मीटर, म्हणजे भोवऱ्यांचा सुमारे १७५. सेकंदाला ५०० कंपनांच्या आवाजासाठी आकृतिबंधाची लांबी १७५ ÷ ५०० = ०.३५ मीटर. पत्र्यातली वाकण्याची लाट याच लांबीची असली की सूर जुळलाच.

आम्हाला सर्वांत आवडते ती पुढची गोष्ट. १९६३ मध्ये कॉर्कोस यांनी दाखवले की मायक्रोफोनचा पडदाच लहान भोवऱ्यांपेक्षा मोठा असतो. त्यावरचे उलटसुलट दाब एकमेकांना खोडतात आणि वरच्या वारंवारतेचा दाब कमी नोंदला जातो. आधीची मोजमापे त्यानुसार दुरुस्त करावी लागली. त्यांनी पुढच्याच वर्षी मांडलेले सूत्र सोपे असल्याने आजही वापरतात. भोवऱ्यांच्या आकृतिबंधाहून खूप लांब लाटांचा दाब मात्र ते वाजवीपेक्षा जास्त सांगते. अशा लाटांनीच पत्रा हलत असेल तर अंदाजही फुगतो.