फाये, साफी

(२२ नोव्हेंबर १९४३ – २२ फेब्रुवारी २०२३). सेनेगलची चित्रपट-दिग्दर्शिका व मानववंशशास्त्रज्ञ. जन्म डकारचा, घराणे सेरेर जमातीचे, मूळ गाव फाद्जाल. डकारला शिक्षिका असताना १९६६ च्या कृष्णवर्णीय कलामहोत्सवात फ्रेंच माहितीपटकार झां रूश यांच्याशी ओळख झाली. रूश यांच्या ‘पेती आ पेती’त तिने भूमिका केली, पुढे पॅरिसला जाऊन मानववंशशास्त्र आणि चित्रपटतंत्र या दोन्हींचे शिक्षण घेतले. १९७२ चा ‘ला पासांत’ हा तिचा पहिला लघुपट.

मानववंशशास्त्राचे अभ्यासक सहसा परक्यांच्या गावात वही घेऊन बसत. फाये कॅमेरा घेऊन स्वतःच्याच गावी गेली. तिथे ‘काद्दू बेकात’ (१९७५) घडला. वोलोफ भाषेतल्या या नावाचा अर्थ शेतकऱ्याचा आवाज. गावाकडून लिहिलेल्या पत्रासारखी चित्रपटाची मांडणी आहे आणि निवेदन खुद्द दिग्दर्शिकेचे. न्गोर या गावच्या तरुणाला कुंबाशी लग्न करायचे आहे, पण पावसाने दगा दिला, भुईमूग गेला, वधूमूल्याला पैसा उरला नाही. तो डकारला मजुरीला जातो आणि तिथले अनुभव गाठीशी बांधून परततो. पडद्यावर गावकरीच आहेत. फायेचे आजोबाही त्यांत दिसतात; चित्रीकरण संपल्यावर काही दिवसांतच ते वारले.

भुईमुगाच्या एकपिकी शेतीची सक्ती फ्रेंचांच्या काळातली, पण स्वातंत्र्यानंतरही ती सुटली नाही, हे गावकरी कॅमेऱ्यासमोर उघड बोलतात. सरकारला ते झोंबले. चित्रपटावर सेनेगलमध्ये बंदी आली. १९७६ साली बर्लिनच्या महोत्सवात मात्र त्याला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला.

सहारा-दक्षिण आफ्रिकेतील स्त्रीने दिग्दर्शित केलेला आणि व्यावसायिक वितरण लाभलेला हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट मानतात. सारा मालदोरोर यांचा ‘सांबिझांगा’ (१९७२) त्याआधीचा. पण त्या जन्माने फ्रान्सच्या, म्हणून हा मान फायेकडे.

१९७९ साली तिला पॅरिस विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली, आणि त्याच वर्षी गावाच्याच नावाचा तिचा ‘फाद्जाल’ हा चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. सुरुवातीलाच वर्गात पोरे चौदाव्या लुईची थोरवी फ्रेंचमधून घोकतात. मग तीच पोरे झाडाखाली म्हाताऱ्यांकडून आपल्या गावाचा इतिहास ऐकतात: गाव एका बाईने वसवले, जमीन कशी मिळाली, आणि आता कायदा ती कशी हिरावू पाहतो आहे. भाष्य करायची गरजच उरत नाही. माहितीपट व कथापट ही वाटणी फायेला मान्य नव्हती; तिची ही भूमिका इथे सर्वांत पटते.

‘सेल्बे’ (१९८३) गावातल्या एका कष्टकरी बाईवर आहे. ‘मोसान’चे चित्रीकरण १९९० मधले, पण निर्मात्याशी झालेल्या वादात तो अडकला आणि १९९६ साली कानला पोहोचला. परदेशस्थ, पैसेवाल्या स्थळाला नकार देणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीची ही गोष्ट देखणी आहे, पण ‘फाद्जाल’ची धार तिला नाही.

त्यानंतर फायेचा पूर्ण लांबीचा चित्रपट आला नाही. तिचे निधन पॅरिसमध्ये झाले. ‘फाद्जाल’ची पुनरुज्जीवित प्रत २०१८ साली कानला दाखवली गेली, फाये नव्याने पाहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.