मत्स्यपिलांचे जिवंत खाद्य : घरगुती संवर्धन

काचेच्या टाकीतील लहान माशांसाठी, मुख्यतः नुकत्याच पोहू लागलेल्या पिलांसाठी, सूक्ष्म प्राणी घरी वाढवून ते जिवंत खाऊ घालण्याची पद्धत. पिलू हलणाऱ्या भक्ष्याकडे ओढले जाते. तळाशी बसलेली कोरडी पूड ते बहुधा सोडून देते आणि ती पूड पाणी नासवते. कोणते खाद्य वाढवायचे, हे दोन गोष्टींवरून ठरते : पिलाच्या तोंडाचा आकार आणि गावाचे हवामान. पुस्तकांत दुसऱ्या गोष्टीकडे फारसे लक्ष दिलेले नसते.

उदाहरणार्थ, छत्रपती संभाजीनगरच्या पश्चिमेस, छावणीपलीकडे दौलताबादच्या रस्त्यावर पडेगाव आहे. मे महिन्यात येथे पारा चाळिशी गाठतो. थंड देशांत नावाजलेला पांढरा कृमी (व्हाइट वर्म) २० अंशांपुढे तग धरत नाही, त्यामुळे येथे त्याच्या वाटेला जाऊ नये. त्याचाच लहान भाऊबंद ग्रिंडल कृमी खोलीच्या उष्णतेत टिकतो.

येथील खरा आधार म्हणजे मोइना ही जलपिसू. प्रौढ मादी साधारण १ मिमी, नवजात पिलू ०.४ मिमीच्या आसपास. उष्णता आणि कमी प्राणवायू ही जात डाफ्निया या मोठ्या जलपिसूपेक्षा चांगली सोसते. परिस्थिती अनुकूल असताना माद्या नराविना प्रजनन करतात आणि नवजात मादी चार-पाच दिवसांत स्वतः पिले देऊ लागते. शेवाळाने हिरवे झालेले पाणी हे तिचे उत्तम अन्न. ते नसेल तर पाण्यात कालवलेले यीस्ट, पाणी जेमतेम धुरकट होईल इतकेच. जास्त यीस्ट पडले की प्राणवायू संपतो आणि सारी पैदास एका रात्रीत मरते. म्हणून दोन टब वेगवेगळे ठेवावेत. नळाच्या पाण्यातील क्लोरीन मोइनाला मारक असते, तेव्हा ते पाणी उघड्या भांड्यात एक दिवस मुरवूनच वापरावे.

टब बारीक जाळीने झाकणे येथे सक्तीचे मानले पाहिजे. शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी जलाशयातून येते. नळाला ते रोज न येण्याची वर्षानुवर्षांची सवय झाल्याने घरोघरी पिंपे भरून ठेवतात, आणि डेंगी पसरवणारा एडिस डास अशाच साठ्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ (साठ्याची भांडी रिकामी करण्याचा दिवस) पाळणाऱ्या गल्लीत गच्चीवरचा उघडा हिरवा टब हा शेजाऱ्यांवर अन्याय आहे. डासांच्या अळ्या माशांना अतिशय आवडतात, गप्पी मासे साठ्यात सोडतात ते त्यासाठीच. पण त्या मुद्दाम वाढवू नयेत.

तळ्यातून वा बारवेतून मोइना आणल्यास सोबत सायक्लोप्स हा सूक्ष्म कवचधारी जीव येतो. नारूच्या जंतूचा मधला यजमान हाच. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला, त्यामुळे ती भीती उरलेली नाही. मात्र सायक्लोप्स अगदी कोवळ्या पिलांवर हल्ला करतो. बी म्हणून स्वच्छ पैदाशीतलीच मोइना घ्यावी. नाल्यातून काढलेला ट्युबिफेक्स कृमी रोगजंतू घेऊन येतो, तो टाळावा.

मायक्रोवर्म या सूक्ष्म कृमीसाठी झाकणाच्या डब्यात ओट्सची घट्ट पेज, वर चिमूटभर यीस्ट आणि थोडे जुने बी एवढे पुरते. काही दिवसांत कृमी डब्याच्या भिंतीवर चढतात. ते बोटाने पुसून टाकीत सोडावेत. तीन-चार आठवड्यांत पेज आंबून पातळ होते, त्याआधी नवा डबा लावावा. हे कृमी तळाशी जातात. पृष्ठभागाजवळ राहणाऱ्या गुरामीच्या पिलांना सुरुवातीला इन्फ्युसोरिया (पाण्यातील सूक्ष्मजीव) किंवा व्हिनेगरमध्ये वाढणारे कृमी द्यावेत. ते पाण्यात बराच वेळ तरंगत राहतात.

आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातील लहान कवचधारी प्राण्याची सुकी अंडी विकत मिळतात. एक लिटर पाण्यात सुमारे २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश उष्णता, उजेड आणि हवेचे बुडबुडे मिळाले की २४ ते ३६ तासांत पिले बाहेर येतात. वीज गेली तर उथळ ताटलीत, पंपाविनाही, बरीच अंडी उबतात. पिले उजेडाकडे गोळा होतात आणि टरफले वर तरंगतात. गोड्या पाण्याने धुऊन पिले द्यावीत. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, म्हणून एका वेळी थोडीच सोडावीत. गप्पीची पिले जन्मल्या दिवसापासून ती खातात.

टब आटू लागला किंवा गर्दी वाढली की मोइना टणक कवचाची विश्रांती-अंडी घालते. टबाच्या तळाचा गाळ सावलीत वाळवून डबीत ठेवल्यास पावसाळ्यात मुरवलेले पाणी घालून पैदास पुन्हा सुरू करता येते.